कोर्तिनाची बस ठरवण्याआधी

मेस्त्रे

ओंकार,

तुझा बेत वाचला. ताई आणि भाऊजी मे महिन्यात येणार, उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी तू त्यांना सकाळच्या बसने कोर्तिनाला नेणार, दुपारी रोपवेने वर आणि रात्री परत पादोव्हाला. वेळा चोख बसवल्या आहेस. पण तू सगळा हिशोब व्हेनिसच्या बाजूने मांडलास. अशा सहलीचा हिशोब डोंगराच्या बाजूने मांडायचा असतो. वर काय चालू आहे ते आधी बघायचं, मग खाली यायची शेवटची बस कोणती ते, आणि जायच्या बसचा विचार सगळ्यात शेवटी.

आपल्या लोकांचे फिरायचे हंगाम दोन, मे आणि दिवाळी. कोर्तिनाभोवतीच्या दोलोमिती पर्वतातलं सगळं बंद असतं तेही नेमकं याच दिवसांत. एप्रिल सरता सरता स्कीइंग आटोपतं, बरेचसे रोपवे देखभालीसाठी थांबतात आणि हॉटेलवाले दारं लावून स्वतःच सुट्टीवर जातात. जूनच्या मध्यापासून हालचाल सुरू होते. सप्टेंबरनंतर पुन्हा शुकशुकाट, तो थेट 8 डिसेंबरच्या सणापर्यंत. मे महिन्यात कोर्तिनाला गेलास तर बस मिळेल, डोंगरही दिसतील, पण वर न्यायला काही नसेल. खाली रस्त्याकडेला काळवंडलेलं, भिजकं बर्फ असलं तर असलं. तेवढ्यासाठी पुण्याहून कोणी येऊ नये. ताईंची तिकिटं अजून काढली नसतील तर जूनच्या शेवटच्या आठवड्यावर ढकल.

आता बसबद्दल. कोर्तिनात रेल्वे नाही. एके काळी होती. कालाल्झोहून कोर्तिनामार्गे दोब्बियाकोला जाणारी छोटी गाडी 1964 साली बंद पडली. त्या मार्गावरून आता सायकली जातात, आणि बस थांबते ती जुन्या स्टेशनाच्या जागी. 1956 आणि 2026, दोन हिवाळी ऑलिंपिकं ज्या गावाच्या नावावर आहेत तिथे आगगाडी पोहोचत नाही, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. तुझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की परतीची बस चुकली तर मुक्काम कर किंवा टॅक्सीवाल्याच्या हवाली हो.

मेस्त्रे स्टेशनाजवळून आणि मार्को पोलो विमानतळावरून थेट बस आहेत, आत्वो आणि कोर्तिना एक्स्प्रेस या कंपन्यांच्या. अडीच तास धर, रस्ता भरलेला असेल तर तीन. दुसरा मार्ग पादोव्हाहून रेल्वेने कालाल्झोपर्यंत आणि पुढे दोलोमितीबसने. तो स्वस्त पडतो, पण बॅगा घेऊन चढउतार वाढते. भाऊजींच्या गुडघ्यांकडे बघता थेट बसच घे आणि जागा आधी आरक्षित कर. वेळापत्रक उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं, त्यामुळे मोबाइलवर जपून ठेवलेला जुना तक्ता काढून टाक. तक्त्यात ‘फेरियाले’ लिहिलेली गाडी सोमवार ते शनिवार धावते, ‘फेस्तिवो’ लिहिलेली रविवारी आणि सणाला. काहींपुढे शाळा चालू असतानाच धावणार अशी खूण असते. ती खूण न बघता जूनअखेर थांब्यावर उभं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. संपाचंही बघून ठेव. इथल्या कायद्याने सार्वजनिक वाहतुकीचा संप किमान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो, म्हणजे आठवडाभर आधी एकदा तपासलंस तर अचानक काही होणार नाही. शुक्रवार त्यासाठी बदनाम आहे.

वार निवडायचा तर मंगळवारी जा, गुरुवारी ये. रविवारी संध्याकाळी अर्धा व्हेनेतो प्रांत डोंगरातून खाली उतरत असतो आणि वाटेतल्या लोंगारोनेजवळ गाड्यांची रांग लागते. परतीच्या विमानाच्या दिवशी कोर्तिनाहून थेट विमानतळ गाठायचा मोह तर मुळीच नको. आदल्या रात्री मेस्त्रेत, माझ्याकडे झोपा.

दोन रात्री का, ते सांगतो. उन्हाळ्यात डोंगरावर सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर ढग जमून गडगडाट सुरू होतो. रोपवेने वर जायचं ते सकाळीच. तुझ्या बेतात तुम्ही वर पोहोचता नेमके ढगांच्या वेळेला. मुक्काम असला की दोन सकाळी हातात येतात, एक वाया गेली तरी दुसरी उरते. आर्पाव या प्रांतिक संस्थेचं दोलोमितीसाठीचं हवामानपत्रक असतं, आदल्या संध्याकाळी ते वाच. फालोरियाचा रोपवे बसस्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे आणि 1,200 मीटरवरून तुम्हाला 2,100 च्या आसपास नेतो. पहिल्या सकाळी तो पुरे. दुसऱ्या सकाळी हवा चांगली असेल तर बसने मिझुरिना तळ्याला जा. काठाने सपाट वाट आहे, भाऊजींना जमेल. त्रे चिमे सुळक्यांच्या पायथ्यापर्यंत जाणारी बसही उन्हाळ्यात असते, पण दोघांना घेऊन ती दगदग कशाला? ती तू मित्रांबरोबर कर.

राहायला कोर्तिनातच हवं असं नाही. भाव ऐकून भाऊजींची झोप उडेल. दहा-बारा किलोमीटर अलीकडे, त्याच बसमार्गावर, सान व्हीतो दी कादोरे आहे. तिथे घरगुती खोल्या मिळतात.

ताईच्या जेवणाची काळजी करू नकोस. तिथली बीटरूट भरलेली, वरून लोणी आणि खसखस घातलेली कासुन्त्सिएई, म्हणजे पास्त्याची करंजी, तिला आवडेल. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं हे तिला चालत नसेल तर मागवतानाच वरचं चीज नको म्हणून सांग. सारणातही चीज नाही ना, हे विचारून घे. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, संध्याकाळी सातपर्यंत गरम काही मिळणं कठीण. डब्यात ठेपले असू देत.

बसमध्ये ताईला पुढच्या भागात बसव. महामार्ग संपला की वळणं सुरू होतात आणि तिला घाटात काय होतं ते तुला माहीत आहेच. आवळासुपारी पुण्याहूनच आणायला सांग. भाऊजींना मात्र उजव्या खिडकीशी. पुढे कादोरेत उजवीकडे अंतेलाओ दिसतो, 3,264 मीटरचा, आणि डावीकडे पेल्मो. पण ती खिडकी मी अंतेलाओसाठी सांगत नाही. लोंगारोने आलं की उजवीकडे डोंगराच्या चिरेत एक उंच करडी भिंत दिसेल. ते वायोंतचं धरण. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री मोंते तोक डोंगराची अख्खी बाजू जलाशयात कोसळली. पाणी भिंतीवरून उसळून खाली आलं आणि लोंगारोने पुसलं गेलं. जवळजवळ दोन हजार माणसं गेली. भिंत मात्र फुटली नाही, 260 मीटरहून उंच अशी आजही उभी आहे. भाऊजींनी पानशेत लहानपणी पाहिलं आणि पुढे जन्म पाटबंधारे खात्यात काढला. तिथे 1961 साली धरण फुटलं, इथे धरण टिकलं आणि गाव गेलं. डोंगर सरकतोय हे आधीच दिसत होतं, तरी जलाशय भरत राहिले. यावर ते तासभर बोलतील. बोलू दे. तू कानात हेडफोन घालून बसू नकोस. बस तिथून झरकन निघून जाते, म्हणून पोहोचायच्या दहा मिनिटं आधी त्यांना सांगून ठेव.

कपड्यांचं ताईला मीच फोनवर सांगेन. मोज्यांवर चपला घालून ती जूनमध्येही निघेल, एवढी तिला मी ओळखतो.

एक गोष्ट मात्र तूच तिला विचार. तिला बर्फ हातात घ्यायचंय की डोंगर बघायचेत? जूनअखेर बर्फ दूरवरच्या सावलीतल्या कपारींतच उरतं. हातात घ्यायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत यावं लागेल, आणि त्या थंडीत भाऊजींना निसरड्या रस्त्यावरून चालवायची तयारी तुझी हवी. तिचं उत्तर रविवारपर्यंत कळव, म्हणजे सान व्हीतोच्या खोलीचं मी इथून बोलून ठेवतो.

तुझा,
मामा