रास आणि मातेरे

वाचावयाचा भाग : मार्क, अध्याय १, वचने २१ ते ३९

खळ्यावरची रास उचलून घरी नेली म्हणजे जमिनीवर खडे व धूळ मिसळलेले थोडे दाणे उरतात. त्यांस आपण मातेरे म्हणतो. आता बहुतेक गावी मळणी यंत्राने होते, तरी हा शब्द आपणां सर्वांस ठाऊक आहे. मानाच्या पाहुण्याच्या ताटात मातेऱ्याची भाकर कोणी वाढीत नाही. परंतु आपल्या दिवसाची रास आपण कशी वाटतो हे पाहिले, तर मान खाली घालावी लागते. पहाट गोठ्याला, सकाळ शेताला, दुपार बाजाराला अथवा कचेरीला, संध्याकाळ चुलीला व मुलाबाळांना, आणि मधला जो वेळ सापडेल तो हातातल्या मोबाईलला. मग अंथरुणावर पडल्यावर, डोळे मिटत असता, देवाच्या वाट्यास दोन शब्द येतात. हे मातेरे नव्हे तर काय?

“आम्हांस वेळच मिळत नाही,” असे पुष्कळ बंधुभगिनी म्हणतात. ही सबब खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या भगिनीस घरचे सर्व आवरून मजुरीस जावे लागते, अथवा ज्या बंधूच्या पंपास रात्रीचीच वीज मिळते, त्यांचे कष्ट खरे आहेत. म्हणूनच प्रभूचा एक कामाने भरलेला दिवस आपण पाहू.

१. भरलेल्या दिवसानंतरची पहाट. तो शब्बाथ दिवस होता. कफर्णहूम येथील सभास्थानात येशूने शिक्षण दिले व तेथेच अशुद्ध आत्मा लागलेल्या मनुष्यास मुक्त केले. तेथून तो शिमोन व आंद्रिया यांच्या घरी गेला, तो शिमोनाची सासू तापाने पडलेली. तिला त्याने हात धरून उठविले. सूर्य मावळून शब्बाथ संपताच लोक आपापले रोगी घेऊन आले आणि सारे नगर दाराशी लोटले. इतके श्रम झाल्यावर दुसरे दिवशी उशिरा उठण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्यालाच होता. परंतु अंधार असतानाच तो उठला, निर्जन ठिकाणी गेला आणि प्रार्थना करू लागला. कामे सरण्याची त्याने वाट पाहिली नाही. कामे सरत नसतात, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

२. प्रार्थनेत कामे पाखडली जातात. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधीत आले. सर्व लोक त्याचा शोध करीत आहेत, असे त्यांनी कळविले. मागणे वाईट नव्हते. तरी प्रभू परत त्या दाराशी गेला नाही. जवळच्या दुसऱ्या गावी उपदेश करावयास जाणे हे आपल्या येण्याचे कारण आहे, असे त्याने सांगितले. एवढ्या लोकांची हाक बाजूस ठेवण्याचे बळ त्याला कोठून आले? त्या पहाटेच्या प्रार्थनेतून, असे आम्हांस वाटते. सुपात धान्य पाखडले म्हणजे कोंडा उडतो व दाणा राहतो. तसेच देवापुढे दिवस ठेविला म्हणजे कोणते काम आपले व कोणते नव्हे हे उमगू लागते. जो प्रार्थनेस वेळ देत नाही त्याला प्रत्येक हाक देवाचीच वाटते, आणि शेवटी तो थकून सर्वांवर चिडू लागतो.

उपदेशकांस हा धडा विशेष लागू आहे. तीन वस्त्यांवर भजन घ्यावयाचे, आजाऱ्यांस भेटावयाचे, कोणाचा अर्ज लिहावयाचा. मग शास्त्र उघडावयाचे ते केवळ दुसऱ्यांस सांगण्यासाठी. हा दोष आम्ही इतरांवर ठेवीत नाही. अशाच धावपळीच्या दिवसांत एका मरणोन्मुख बंधूच्या खाटेपाशी आम्ही प्रार्थना केली. शब्द सगळे ओळीने आले. नंतर त्याची पत्नी हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, आज तुम्ही फार दमलेले दिसता.” तिने मायेने म्हटले, पण आम्हांस कळले की दुसऱ्यांस वाढता वाढता आम्ही स्वतः उपाशी राहिलो होतो, आणि त्या घरास जे हवे होते ते आमच्यापाशी नव्हते.

३. ज्यांचे काम मोठे होते ते. दारयावेश राजाच्या १२० अधिकाऱ्यांवर जे तीन अध्यक्ष होते त्यांपैकी दानीएल एक होता. तरी तो दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत असे, आणि जिवावर बेतले तेव्हाही त्याने तो नेम सोडला नाही. आपल्याच प्रांतात पंडिता रमाबाईंकडे पाहा. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो विधवा व अनाथ मुलींचा सांभाळ त्यांच्यावर होता. अशा व्यापात १९०५ च्या आरंभी त्यांनी रोज प्रार्थनेस जमण्याचे आमंत्रण दिले. सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या. व्याप मोठा म्हणून प्रार्थना कमी, असा हिशेब त्या बाईंनी केला नाही.

४. आपण काय करावे? प्रथम वेळ व जागा ठरवावी. पंधरा मिनिटे पुरेत. परंतु ती ठरलेली असावीत. त्या वेळी मोबाईल दूर ठेवावा. जो रात्रभर पाणी धरतो त्याने पहाटेचा आग्रह धरू नये. वाफा भरेपर्यंत बांधावर बसून त्याने देवाशी बोलावे. ज्या मातेच्या मांडीवर तान्हे आहे तिने घरच्यांस सांगून थोडा वेळ मागून घ्यावा, आणि पतीने तेवढा वेळ मूल घ्यावे. हीही देवाची सेवाच होय. नेम एखादे दिवशी चुकला तर हातपाय गाळू नयेत. देव घड्याळ घेऊन दाराशी उभा नाही. तो बाप आहे, व आपल्या लेकरांची वाट पाहतो.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न : (१) कालच्या दिवसातील कोणता वाटा आपण देवास दिला? (२) लोक शोधीत असता प्रभू दुसऱ्या गावी का गेला? (३) आपल्या घरातील कोणास प्रार्थनेसाठी वेळ मिळत नाही, आणि त्याचे अथवा तिचे कोणते काम आपण उचलू शकतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊन थांबू नका. ते उद्या सकाळी हातांनी द्या.