चेंडू, हातपंप आणि आरोग्य

जामखेड हा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त तालुका. इ. स. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे सेवेसाठी आले. त्या भागात लहान मुले हगवणीने दगावत. औषधाने बरे झालेले मूल घरी जाई, तेच दूषित पाणी पिई आणि पुन्हा आजारी पडे. रोग गावातच रोखावयास हवा होता. पण गाव एक कोठे होते? जातीजातींच्या वस्त्या निराळ्या, पाणवठेही निराळे!

आरोळ्यांनी उपदेश केला नाही. तरुणांसाठी त्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला. चेंडू कोणाची जात विचारीत नाही. खेळता खेळता तरुण एकत्र बसू लागले आणि त्यांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे गावोगावी हातपंप आले, ते दलित वस्तीत बसविण्यात आले. शुद्ध पाण्यासाठी साऱ्या गावाची पावले तिकडे वळली.

स्त्रियांची वाट वेगळी होती. गावातीलच एका स्त्रीस आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्यात येई. यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. परंतु मीठ-साखरेच्या पाण्याने हगवण झालेले मूल वाचते, हे शेजारीणच सांगू लागली, तेव्हा ते आयांना पटले.

इ. स. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरुणांना खेळ हवा होता, गावाला पाणी हवे होते, स्त्रियांना मान हवा होता. ज्याला जे हवे, तेथूनच आरंभ झाला. म्हणून आरोग्याचे काम साऱ्या गावाचे झाले.

विचार करा : हातपंप दलित वस्तीत बसविल्याने कोणते दोन लाभ झाले?