आमचं पाणी पूर्वेकडून येतं

मे उतरणीला लागला की चंद्रपूर-गडचिरोलीत दोनच प्रश्न तोंडोतोंडी असतात: आज किती तापलं आणि पाणी कधी येणार. मी बरीच वर्षं तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पत्ता मोजून सुकवतात त्या मैदानावर, मुन्शी होतो आणि नागभीडच्या बाजूला आमच्या घरच्या धानाच्या बांध्या आहेत. त्यामुळे पाऊस मला आधी नको असतो आणि मग लगेच हवा असतो. पत्ता सुकेपर्यंत त्याने येऊ नये, पऱ्हे (धानाची रोपं) टाकल्यावर थांबू नये. हवामानाचा अंदाज मी असा पोटासाठी वाचत आलो. त्यातून जे पटलं ते इथे लिहितो.

१. मुंबईच्या बातमीवर शेतीचं गणित मांडू नये.

मे अखेरीस टीव्हीवर सगळं अरबी समुद्राचं आणि कोकणाचं चाललेलं असतं. आमचा समुद्र दुसरा. नकाशावर सरळ रेघ मारली तर चंद्रपूरला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा किनारा जवळ आहे. आमच्या जिल्ह्यांतला मोठा पाऊस बहुतेक बंगालच्या उपसागरातून येतो. उत्तर आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार होतो, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतो आणि दोन-तीन दिवसांत गडचिरोलीत, मग चंद्रपुरात पाणी सुरू होतं. मेमधल्या अवकाळीचं मूळही बऱ्याचदा तिकडेच असतं. उपसागरावरचे दमट वारे आमच्या तापलेल्या कोरड्या हवेत घुसतात, दुपारी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळी वादळ. म्हणून मी रोज सकाळी आधी त्या किनाऱ्याचा अंदाज पाहतो, आपल्या जिल्ह्याचा नंतर.

मात्र उपसागरात मेमध्ये चक्रीवादळ उठलं म्हणजे आपल्याकडे गारवा येणार, असं धरून चालू नये. वादळ तिकडची सगळी ओल स्वतःकडे ओढून घेतं आणि आपल्याकडे राजस्थानाकडचे कोरडे वारे मोकळे सुटतात. २०२० साली अम्फान २० मे रोजी बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या आठवड्यात विदर्भ भाजून निघाला आणि नागपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत गेला. तेव्हापासून तिकडे वादळाची बातमी आली की आमच्या घरी माठ वाढतात आणि दुपारची कामं पहाटेवर जातात.

२. मान्सूनची रेघ दाराशी येऊनही अडते.

२०२५ सालचं उदाहरण ताजं आहे. मान्सून २४ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी, केरळात आला. २६ मे रोजी तो मुंबईत पोहोचला. नोंदींनुसार त्या शहरात इतक्या लवकर तो आधी आला नव्हता. गावात उत्साह संचारला, कृषी केंद्रांवर बियाण्यासाठी गर्दी झाली. मग ती रेघ मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद अशी जी थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत हललीच नाही. आदिलाबाद म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचं गाव. इतक्या जवळ येऊन पावसाने पंधरवड्याहून जास्त काळ पाठ फिरवली आणि वर पुन्हा तपन सुरू झाली.

माझा नियम सरळ आहे. ज्याच्या बांधीला बोडीचं (लहान तळ्याचं) किंवा विहिरीचं पाणी आहे त्याने पऱ्हे टाकायला हरकत नाही. ज्याची सगळी भिस्त आभाळावर आहे त्याने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत कृषी खातं सांगतं तसं थांबावं. आणि पहिल्या खेपेला सगळं बियाणं कधीही जमिनीत घालू नये. निम्मं घरात असलेलं बरं. सिंदेवाहीहून मंगळवारी आणि शुक्रवारी जो कृषी हवामान सल्ला निघतो, तो या दिवसांत एकदाही चुकवू नये. तो आमच्या धानपट्ट्याचा विचार करून लिहिलेला असतो.

३. पेपरातला आकडा सावलीतला असतो.

मे २०१९च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. ब्रह्मपुरीही दरवर्षी वरच्या नंबरात असतं. पण हे तापमान मोजणारा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत आणि खेळत्या हवेत असतो. ज्या बाईने डोक्यावर पत्त्याचा भारा घेतला आहे, जिच्या पायाखाली तापलेला मुरूम आहे, तिला लागणारं ऊन त्या पेटीला कळत नाही. मैदानी भागात ४५ अंशांवर उष्णतेची लाट आणि ४७ वर तीव्र लाट धरतात. मी मजुरांना ४२ च्या अंदाजालाच सांगायचो की दहाच्या आत जंगलाबाहेर या. पत्ता उद्याही झुडपावर असतो.

आकडा फारच अचाट वाटला तर एक दिवस थांबावं. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा त्या यंत्राचा सेन्सरच बिघडलेला निघाला.

४. पारा उतरला म्हणजे धोका टळला असं नाही.

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण माणसं इथे फसतात. मृगाच्या आसपास दोन सरी पडतात आणि ४५ चे ३८ होतात. लोक सुटल्यासारखे वागतात. पण आता हवेत ओल भरलेली असते. कूलर नुसता दमट वारा फेकतो, कारण वाळ्याच्या ताटीतलं पाणी वाफ होऊन उडतच नाही. अंगावरच्या घामाचंही तेच होतं. घाम गळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. वर आभाळ झाकोळलेलं असेल तर दिवसाची उष्णता रात्री निघून जात नाही आणि झोप लागत नाही. सलग तीन रात्री न झोपलेला माणूस चौथ्या दिवशी बांधीवर चक्कर येऊन पडतो, तेव्हा पेपरात फक्त ३७ लिहिलेलं असतं.

म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी किमान तापमान आणि आर्द्रता पाहतो. रात्रीचा पारा तिशीच्या खाली येत नसेल तर म्हाताऱ्यांना आणि लहान लेकरांना दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, अंबील किंवा पन्हं द्यावं आणि मीठ विसरू नये.

५. अंदाजातली "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी" ही मोजून मापून लिहिलेली भाषा आहे.

तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे चौथाईच्या वर ते निम्म्यापर्यंत. बहुतांश म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या पुढे. "तुरळक" लिहिलेलं असताना आपल्या गावात थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. कोरचीहून सिरोंच्याला जायला तीनशे किलोमीटरच्या घरात रस्ता तुडवावा लागतो. कोरचीला गारा पडत असताना प्राणहितेच्या काठावर सिरोंच्यात आभाळ कोरडं ठणठणीत असू शकतं. तालुकावार अंदाज आणखी सुधारायला हवा आणि त्यासाठी जंगलपट्ट्यात आणखी केंद्रं हवीत, ही मागणी आमच्या लोकांनी सोडू नये.

६. फळीवर पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा तीन तासांचा जास्त कामाचा.

फळी म्हणजे गावाबाहेरचं साफ केलेलं मोकळं मैदान. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे तोडलेला पत्ता दुपारी घराघरांत बांधला जातो आणि संध्याकाळी फळीवर मोजून रांगेने मांडला जातो. आठवडाभर तो तिथे उन्हात असतो, मधे एकदा उलटवायचा असतो. पत्त्याला कडक ऊन लागतं. एक जोरदार सर आली की पानावर काळे डाग पडतात, बुरशी धरते. गारा तर झुडपावरच्या पानाची चाळण करतात आणि तोडणीच थांबते. गावाची वर्षाची रोकड कमाई त्या मैदानावर उघडी पडलेली असते.

दुपारी तीननंतर वारा एकदम पडला, आभाळाची एक कड निळसर काळी झाली आणि धुळीचा वास आला की अर्ध्या तासात वादळ येतं. पण अर्ध्या तासात हजारो पुडे उचलून ताडपत्रीखाली नेता येत नाहीत. म्हणून नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा तीन तासांचा इशारा मोबाइलवर आला की मी पोरांना हाळी द्यायचो. सुकलेल्या रांगा आधी, ओल्या नंतर. ओला पत्ता भिजला तर फार बिघडत नाही, सुकलेला भिजला तर गेला.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे. आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. आमच्याकडे पाणी आलं की माणूस मोहाच्या झाडाखाली जातो, कारण मोह डेरेदार असतो. गुराखीही तिथेच उभे राहतात. विजेच्या वेळी त्याच्याखाली कधीही थांबू नये. पुडे भिजले तरी चालतील, आधी माणसं पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नये.

७. नवतपा आणि नक्षत्रं कामाची आहेत, तारीख सांगायला नाहीत.

२५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा सुरू होतो. ७-८ जूनला मृग. बांधबंदिस्ती, शेणखत, बियाण्याची निवड ही कामं या खुणांवर लावली तर वेळेत उरकतात. पण बहावा फुलल्यापासून दिवस मोजून पाऊस सांगणाऱ्यांवर मी विसंबत नाही. एकाच रस्त्यावरचे बहावे एप्रिलपासून जूनपर्यंत पुढेमागे फुलतात.

८. नदीकाठच्याने आपलं आभाळ पाहून निजू नये.

ऑगस्ट २०२०च्या शेवटी ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेचं पाणी घरांत शिरलं. पाऊस मध्य प्रदेशात पडला होता. तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसेखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडावी लागली आणि लाडजसारखी नदीने वेढलेली गावं पाण्यात गेली. तेव्हापासून आम्ही बालाघाट-सिवनीचा पाऊस आणि गोसेखुर्दचा विसर्ग दोन्ही पाहतो.

९. भामरागडला पावसाळ्याची तयारी मेमध्येच सुरू होते.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरचं हे गाव. पर्लकोटेला मोठा पूर आला की पलीकडची गावं तुटतात. म्हणून दुर्गम गावांना पावसाळ्याचं रेशन आगाऊ पोहोचवलं जातं आणि दिवस भरत आलेल्या बायांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. यात आठवड्याचा उशीर झाला तर पुढे ट्रॅक्टरही जात नाही. पाऊस लवकर येण्याचा अंदाज मेच्या मध्यात लागला, तर ही कामं त्याच दिवशी पुढे ओढायला हवीत.

अंदाज मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मिळतो. ज्यांचा रस्ता खरोखर तुटतो, त्यांच्या घरात माडिया आणि गोंडी बोलतात. पाणी कधी येणार आणि नाला कधी चढणार, एवढं त्यांच्या बोलीत सांगणारा माणूस मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक आठवडी बाजारात बसावा, असं मी ग्रामसभांमधून मांडत आलो आहे. तेंदूचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, मजुरी घेऊन सगळे बाजाराला येतातच. हिशोब झाला की सांगायचं, पाच मिनिटांचं काम आहे.