छोट्या जागेतली आगगाडी

[आगगाडीची प्रतिकृती बनवून चालवणे हा एक जुना छंद आहे. घर लहान असले तरी हा छंद कसा जोपासता येतो, ते या पाठात सांगितले आहे.]

आगगाडी कोणाला आवडत नाही? काही जणांना तर ती घरातच असावी असे वाटते. ते रूळ, इंजिन, डबे, पूल, स्थानक यांच्या छोट्या, हुबेहूब प्रतिकृती बनवतात. पुण्यात कोथरूड भागात अशा छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले.

"पण सर, आमच्या घरी जागा कुठे आहे?" असे तुम्ही विचाराल. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर हा प्रश्न खराच आहे. त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर गणिताचे. आपल्या रेल्वेचा जुन्या प्रकारचा प्रवासी डबा सुमारे २१ मीटर लांब असतो. १:८७ या प्रमाणात तो सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो. १:१६० या प्रमाणात तो फक्त १३ सेंटिमीटरचा होतो. या दुसऱ्या प्रकारात रुळांमधील अंतर अवघे ९ मिलिमीटर असते. जपानमध्ये शहरांतली घरे लहान असतात. म्हणून तिथे ९ मिलिमीटरची रेल्वेच अधिक लोकप्रिय आहे.

दुसरे उत्तर कल्पकतेचे. गाडी लांब पळालीच पाहिजे असे नाही. मालधक्क्यावर इंजिन वाघिणी पुढेमागे करून गाडी तयार करते. त्यातही गंमत असते. अ‍ॅलन राइट या हौशी इंग्रज माणसाने यावरून एक कोडे तयार केले. ते एका फळीवर मावते.

हे कोडे तुम्ही काड्यापेट्यांनीही खेळू शकता. दोन फूट लांब पुठ्ठ्यावर एक रूळ काढा. पुढे त्याचे तीन फाटे करा. एका फाट्यावर पाच वाघिणी मावाव्यात, इतर दोहोंवर तीन-तीन. सुरुवातीच्या रुळावर इंजिन व तीनच वाघिणी मावाव्यात. आठ रिकाम्या पेट्यांवर १ ते ८ आकडे लिहा. नववी पेटी म्हणजे इंजिन. पाच वाघिणी लांब फाट्यावर आणि तीन दुसऱ्या फाट्यावर ठेवा. आता आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला. त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब फाट्यावर उभी करा. वाघीण उचलायची नाही. इंजिनाला जोडूनच सरकवायची. मधली वाघीण हवी असेल, तर तिच्या पुढच्या वाघिणी आधी दुसऱ्या फाट्यावर न्याव्या लागतात.

असे किती वेगवेगळे क्रम लागू शकतात? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०! रोज एक सोडवला, तरी अठरा वर्षे पुरतील. खेळ संपला की पुठ्ठा कपाटामागे ठेवा. कोणाच्याही अंथरुणाची जागा अडत नाही.

मुलांनो, जागा कमी असली तर डोके जास्त चालवावे. छंदाला मोठे घर नव्हे, आवड आणि चिकाटी लागते.

शब्दार्थ
प्रतिकृती – नमुना. छंद – शौक. वाघीण – मालगाडीचा डबा. मालधक्का – रेल्वेत माल चढवण्या-उतरवण्याची जागा. फाटा – मुख्य मार्गातून निघालेली शाखा

स्वाध्याय
१. जपानमध्ये ९ मिलिमीटरची रेल्वे लोकप्रिय का आहे?
२. काड्यापेट्यांच्या खेळाचे नियम तुमच्या शब्दांत लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : छोटी, पुढे, रिकामी, कमी.
४. वचन बदला : डबा, वाघीण, चिठ्ठी, फाटा.