मुठीतून सुटलेली तलवार

प्रस्तुत लेखकाने आपल्या नऊ वर्षांच्या चिरंजिवांना पहिली तलवार घेऊन दिली ती एका गडाच्या पायथ्याच्या दुकानातून. चकचकीत पाते, लाल मखमलीचे म्यान, धार मुळीच नाही. धार नाही म्हणजे धोका नाही, एवढाच हिशेब बापाने केला. शिवजयंती आठ दिवसांवर आली होती आणि पोरगा हट्टाला पेटला होता.

तिसऱ्या दिवशी अंगणात त्याने जोर लावून हात फिरवला. मूठ हातातच राहिली. पाते सुटले, तुळशीवृंदावनाचा टवका काढून आजीच्या खुर्चीपाशी जाऊन पडले. आजी नुकतीच दूध बघायला आत गेली होती. त्यानंतर घरात बापाला जे ऐकावे लागले ते छापण्याजोगे नाही.

पाते उचलून पाहिल्यावर प्रकार कळला. मुठीत शिरणारा भाग म्हणजे करंगळीहून बारीक, आटे पाडलेला लोखंडी गज, तोही पात्याला वेल्डिंगच्या एका ठिपक्यावर जोडलेला. जुन्या तलवारीतही पात्याचे शेपूट आखूडच असे आणि ते मुठीत लाख ओतून पक्के करत. पण ते पात्याच्याच पोलादाचे, अखंड असे. ही भिंतीवर टांगायची वस्तू होती. दुकानदाराने ते सांगितले नाही. खरे तर विचारलेही नव्हते.

कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांना ते तुकडे दाखवले. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलेही नाही. ‘‘लाठी किती दिवस फिरवलीय पोरानं?’’ एकही दिवस नाही.

आधी लाठी, मग फरी-गदका, हा त्यांचा क्रम. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे लहान ढाल. तलवारीचे हात त्यावर बसतात आणि चुकलेला वार फार तर वळ उठवतो. दांडपट्टा 2024 साली राज्यशस्त्र झाला खरा, पण त्याची मूठ कोपराकडे चढत हात झाकते, मनगट वळत नाही आणि पाते लवलवते. नवख्या पोराच्या हाती ते देणे म्हणजे आजूबाजूच्यांची परीक्षा.

लाठी निवडताना वस्तादांनी वजनकाटा काढला नाही. पोराला हात सरळ पुढे करून ती धरायला लावली आणि वीस अंक मोजले. बाराव्या अंकाला टोक खाली आले, ती बाजूला ठेवली. दुसरी टिकली. मग सुती फडका घट्ट धरून तिच्यावरून ओढला. जिथे धागा अडकला तिथे बांबूचा तंतू उठला होता; तो तळव्यात घुसायच्या आत घासून काढायचा. पेराशी बारीक चीर असेल, तर मात्र काठी सरळ बंबात.

चिरंजीव गेले चार महिने लाठीच फिरवताहेत. तलवार कधी, हे रोज विचारतात. आजी अंगणात बसते, पण खुर्ची आता दाराच्या आत ओढून घेते.