पेशीतली घंटागाडी आणि नव्या पद्धतीची औषधं



आपल्या पेशींमध्ये हजारो प्रकारची प्रथिनं काम करत असतात. त्यातली बिघडलेली, जुनी झालेली प्रथिनं जातात कुठं?

आपल्या कागलात घंटागाडी येते. ती दारात ठेवलेली बादली तेवढी नेते, घरात शिरून भांडी उचलत नाही. पेशीतही तसंच आहे. नको असलेल्या प्रथिनाला 'युबिक्विटिन'ची खूण लागते. ही खूण लावायला 'लायगेज' नावाची विकरं मदत करतात. खूण दिसली की 'प्रोटिअसोम' ही यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. त्यातली अमिनो आम्लं पेशी पुन्हा वापरते, ओल्या कचऱ्याचं खत करावं तशी. या शोधासाठी आरॉन चिकॅनोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता औषधाकडे येऊ. नेहमीची बरीच औषधं प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम अडवतात. औषध सुटलं की प्रथिन पुन्हा कामाला लागतं. म्हणून औषधाची मात्रा शरीरात सतत टिकवावी लागते, आणि मात्रा वाढली की दुष्परिणामही वाढू शकतात. शिवाय काही प्रथिनांना अशी सोयीची खाचच नसते.

2001 मध्ये क्रेग क्रूज, रेमंड डेशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती मांडली. तिचं नाव 'प्रोटॅक'. या रेणूचं एक टोक रोगाचं प्रथिन धरतं, दुसरं लायगेजला. दोघं जवळ आले की खूण लागते आणि प्रथिन मोडीत निघतं. रेणू मात्र सुटतो आणि पुढचं प्रथिन पकडतो. म्हणून थोड्या औषधात जास्त काम होईल, त्रास कमी होईल, अशी आशा आहे.

पण 'सुरक्षित' हा शब्द जपून वापरायला हवा. 1957 मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं. ते निर्धोक समजून गरोदर बायकांनीही घेतलं. जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. 1961 मध्ये जर्मनीत ते मागं घेतलं गेलं. ते 'सेरेब्लॉन' नावाच्या प्रथिनाला चिकटतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं. सेरेब्लॉन हा लायगेजचाच एक भाग! थॅलिडोमाइडमुळे गर्भाच्या वाढीला लागणारं 'सॉल-4' हे प्रथिनही मोडीत निघतं, हे 2018 मध्ये कळलं.

त्याच कुळातलं लेनालिडोमाइड आज मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवर दिलं जातं. भारतीय कंपन्याही ते बनवतात. कॅन्सरपेशींना लागणारी दोन प्रथिनं ते मोडीत काढतं. गरोदरपणात मात्र ते वर्ज्यच.

वरच्या वर्गात हा खेळ घ्या. काही मुलांच्या हातात लाल, काहींच्या हातात निळ्या पाट्या द्या. एक मूल खडू घेऊन 'लायगेज' होईल, एक 'प्रोटिअसोम', एक 'औषध'. औषधानं एका हातानं लाल पाटी धरायची, दुसऱ्यानं लायगेजला जवळ ओढायचं. पाटीवर फुली पडली की प्रोटिअसोम त्या मुलाला बाजूला नेईल. औषध लगेच पुढच्या लाल पाटीकडे.

मग विचारा, "औषधानं चुकून निळी पाटी धरली तर?" मुलं उत्तर देतील. त्यानंतर त्यांना थॅलिडोमाइडची गोष्ट सांगा. डॉक्टरांना न विचारता गोळी का घ्यायची नाही, हे वेगळं समजवावं लागणार नाही.