कार्डाचं दुसरं वर्ष

सांगली,
६ जानेवारी २०२४

चि. ओंकार,

तुझा खर्चाचा तक्ता मिळाला. महिन्यामहिन्याचे आकडे इतके नीट मांडलेले पाहून फार बरं वाटलं. फेब्रुवारीत एसबीआय कार्डच्या त्या कॅशबॅक कार्डाला वर्ष होतंय, पहिलं वर्ष फुकट होतं, आता ९९९ रुपये फी लागेल, तर कार्ड ठेवू की बंद करू, असं तू विचारलं आहेस. सोबत लिहिलं आहेस, ‘पाच टक्के मिळतात, म्हणजे ठेवावंच.’ या ‘म्हणजे’पाशी मी थांबले, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

पहिलं वर्ष हे बँकेने तुला मिळवण्यासाठी केलेल्या खर्चाचं वर्ष असतं. फी नाही, अटी सैल, जाहिरात मोठी. त्यामागे फसवणूक नाही, तो सरळ धंदा आहे: नवा ग्राहक यावा, त्याला कार्ड काढायची सवय लागावी. दुसऱ्या वर्षापासून त्या ग्राहकाने आपला खर्च भरून द्यावा अशी अपेक्षा असते. म्हणून पहिल्या वर्षी हातात पडलेल्या रकमेवरून पुढच्या वर्षाचा निर्णय घेऊ नये. नवं गणित नव्याने मांडावं.

आणि दरही एका जागी बसून राहत नाही. हे तर तुझ्या डोळ्यांदेखत घडलंय. २०२२ च्या सप्टेंबरात हे कार्ड आलं तेव्हा ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के, दुकानातल्या खरेदीवर एक टक्का, आणि महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये कॅशबॅक असं होतं. तुझ्या हाती कार्ड येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच १ मे २०२३ पासून ती कमाल मर्यादा पाच हजारांवर आली. दागिने, शाळा-कॉलेजची फी, विम्याचा हप्ता, वीज-पाण्याची बिलं, रेल्वेची तिकिटं यांवरचा कॅशबॅक बंद झाला. ‘पाच टक्के’ हा आकडा मात्र जाहिरातीत तसाच राहिला. कार्डांच्या बाबतीत बहुधा असंच होतं. मोठ्या अक्षरातला दर क्वचित हलतो, तो कशावर लागू आहे ती यादी आखडत जाते. म्हणून बँकेकडून अटी बदलल्याची ईमेल आली की ती न वाचता पुसून टाकू नकोस. त्यात नेमकं हेच असतं.

हे पैसे येतात कुठून, तेही समजून घे, म्हणजे ते का आखडतात ते कळेल. तू कार्डाने पैसे दिलेस की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून काही टक्के व्यवहार शुल्क म्हणून कापले जातात आणि त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ते शुल्क सर्वसाधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास फिरतं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे, म्हणून तिथे कुणी तुला असे घसघशीत टक्के देत नाही. आता दोन टक्क्यांतून पाच टक्के कसे द्यायचे? उरलेला भार वार्षिक फी, उशिराचा दंड आणि मुख्य म्हणजे व्याज यांतून निघतो. महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२ टक्के, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ज्यांना बिल पूर्ण भरता येत नाही ते हे व्याज भरतात आणि त्यातला काही अंश तुझ्या-माझ्यासारख्यांना कॅशबॅक म्हणून मिळतो. बँकेच्या काउंटरवर इतकी वर्षं बसल्यावर मला ही बाजू विसरता येत नाही. तू चुकूनही त्या पहिल्या रांगेत जाऊ नयेस, एवढीच माझी काळजी आहे.

आता तुझा तक्ता. उरलेल्या दिवसांचा अंदाज धरून वर्षाचा ऑनलाइन खर्च ९६,०००, दुकानांतला ५४,०००, आणि विमा-वीज मिळून १८,०००. एकूण १,६८,०००. असंच पुढचं वर्ष गेलं तर ऑनलाइनचे ४,८००, दुकानांचे ५४० आणि शेवटच्या गटाचं शून्य, म्हणजे ५,३४० रुपये. सगळ्या खर्चावर धरलं तर सव्वातीन टक्केही नाहीत. त्यातून फी वजा कर. ९९९ वर जीएसटी धरून ती १,१७९ होते. उरले ४,१६१, म्हणजे अडीच टक्क्यांच्या जरा खाली. तुझ्या कार्डाचा दुसऱ्या वर्षाचा खरा दर हा. वाईट नाही, पण पाचही नाही.

पण नुसता दर पाहून भागत नाही, हे कार्ड नसतं तर काय मिळालं असतं ते पाहावं लागतं. तुझ्याकडे ॲमेझॉन पे आयसीआयसीआयचं कार्ड आहे. त्याला फी नाही, पुढेही लागणार नाही. तू प्राइम सदस्य नाहीस, म्हणून ॲमेझॉनवर तीन टक्के आणि बहुतेक इतर ठिकाणी एक टक्का. तुझ्या ९६,००० पैकी ६०,००० ॲमेझॉनवरचेच आहेत, म्हणजे १,८००. उरलेले ऑनलाइन आणि दुकानांतले मिळून ९०,०००, त्याचे ९००. एकूण २,७००. तर फीचं कार्ड फी भरूनही १,४६१ रुपयांनी सरस ठरतं. एवढ्यावर थांबले असते तर ‘ठेव’ म्हणून मोकळी झाले असते.

मात्र तू शेवटी सहज लिहून गेला आहेस की मार्चपासून नाशिकला बदली आणि आई-बाबांजवळ राहणार. पुण्यात रोजचं जेवण ॲपवरून येत होतं, किराणा दहा मिनिटांत दारात येत होता. घरी वहिनी असं काही चालू देणार नाही, आणि तुला तरी ते कशाला लागेल? भाजी बाजारातून, किराणा ओळखीच्या दुकानातून, तोही बहुतेक यूपीआयने. ऑनलाइन खर्च, ॲमेझॉनवरच्या खर्चासकट, निम्म्यावर, ४८,००० वर आला असं धर. मग कॅशबॅक २,९४०, फी वजा जाता १,७६१. तोच खर्च बिनफीच्या कार्डावर केलास तर १,६२०. फरक १४१ रुपयांचा. एवढ्यासाठी आणखी एका बिलाची तारीख डोक्यात ठेवायची का, हे तू ठरव. मी ठेवली नसती.

फी माफ होण्याची वाट आहे, तीही तपासू. वर्षात दोन लाखांचा खर्च झाला की फी परत मिळते. तू ३२,००० ने कमी पडतो आहेस. इथे बरीच शहाणी माणसं घसरतात: अकराशे रुपये वाचवायला बत्तीस हजारांची खरेदी उकरून काढतात. नवा फोन घेतलास, त्याचे १,६०० आणि फीचे १,१७९ असे २,७७९ परत आले, तरी खिशातून २९,२२१ गेलेच ना! पण बाबांना वॉशिंग मशीन घ्यायचं तुमचं ठरलंय, पाडव्याचा मुहूर्त धरून. ते ३३,००० च्या घरातलं आहे असं वहिनी म्हणाली. ते पाडव्याऐवजी आत्ताच, कार्डाचं वर्ष संपायच्या आत, ऑनलाइन घे. त्यावर १,६५० मिळतील आणि फीही सुटेल. घ्यायचीच असलेली वस्तू थोडी आधी घेणं वेगळं आणि माफीसाठी वस्तू शोधणं वेगळं. मग नाशिकच्या वर्षात कार्ड घरात बिनफीचं पडून राहील, मोठ्या ऑनलाइन खरेदीला तेवढं काढायचं.

यात काही गोष्टी सांभाळ. विमा आणि विजेचे १८,००० त्या दोन लाखांत धरतात का, हे कस्टमर केअरला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. कॅशबॅक न मिळणारा खर्च फीमाफीला चालतो की नाही, हे कार्डागणिक वेगळं असतं. धरला नाही तर मशीन घेऊनही तू १,८३,००० वरच अडकशील, आणि मग घाई करण्यात अर्थ नाही, पाडव्यालाच घ्या. वर्ष मोजायचं ते कार्ड मिळाल्या तारखेपासून, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. मशीन हप्त्यांवर घेऊ नकोस, ‘नो कॉस्ट’ लिहिलं असलं तरी. ईएमआयच्या खरेदीवर या कार्डावर कॅशबॅक नाही. आणि ते परत करावं लागलं तर दिलेला कॅशबॅक परत घेतात, खर्चातूनही ती रक्कम वजा होते.

पूर्ण बिल भरण्याचं मी पुन्हा सांगते, कारण बाकी सगळं गणित त्यावर उभं आहे. तुझा महिन्याचा सरासरी कॅशबॅक ४४५ रुपये. चौदा हजारांच्या बिलापैकी नुसती किमान रक्कम भरलीस तर महिन्याचं व्याज जीएसटीसकट पाचशेच्या वर जातं, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे एका महिन्याच्या आळसात त्या महिन्याचा कॅशबॅक पुरता गेला. बँक खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापली जाण्याची सोय लावून घे. ती लावताना ‘किमान देय’ आणि ‘एकूण देय’ असे दोन पर्याय येतात. ‘एकूण’ निवड.

बंद करायचं ठरलं, तर फी बिलात पडण्याची वाट पाहू नकोस, जानेवारीअखेरच कळव. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सगळी बाकी भरलेली असेल तर अर्ज आल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुला द्यायचे. टपालानेच अर्ज पाठवा असा आग्रह त्यांना धरता येत नाही. ‘सर, फी निम्मी करतो’ असा फोन बहुधा येईल. आला तर वरच्या हिशेबात ती निम्मी फी घालून पाहा आणि मग उत्तर दे. एक लक्षात घे, हे कार्ड गेलं की तुझी एकूण उधारीची मर्यादा घटते, त्यामुळे दुसऱ्या कार्डावरचा तोच खर्च प्रमाणाने जास्त दिसतो आणि सिबिल स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. यंदा गृहकर्जाचा विचार असेल तर बंद करायची घाई नको, आधी मला कळव.

मशीनचं मॉडेल ठरलं की दुकानातला भावही विचारून घे. तिथे हजार-दोन हजार कमी पडत असतील तर ऑनलाइनच्या पाच टक्क्यांशी ताडून पाहा. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. नाशिकला सामान हलवण्याआधी दोन दिवस इकडे येऊन जा.

तुझी,
आत्या